धुतलेलं प्रवाळ

दुबईहून परत येऊन दीड महिना झाला, तरी सोसायटीतल्या बायका जिन्यात गाठून विचारतात, "मग, काय काय पाहिलंत?" मी सांगते, लेकीचं घर पाहिलं, करामातली भाजीची दुकानं पाहिली, आणि दिब्बाच्या समुद्रात मेलेलं प्रवाळ पाहिलं. तिसऱ्या गोष्टीपाशी त्यांचा चेहरा कोरा होतो आणि त्या सोन्याच्या भावाकडे वळतात. एकदा सगळं लिहून काढावं, म्हणजे पुन्हापुन्हा सांगावं लागणार नाही, म्हणून बसले आहे. सांगायला सोपं नाही, कारण त्यात माझीच शोभा आहे.

करामा

लेक अनघा दुबईच्या करामा भागात राहते. चार मजली जुन्या इमारती, खाली उडप्याचं हॉटेल, शेजारी शिंपी, पलीकडे ज्याच्याकडे कढीपत्त्यापासून खोबऱ्याच्या वडीपर्यंत सगळं मिळतं असा मल्याळी दुकानदार. पहिले दोन दिवस मला परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. नात इरा आठ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार झाला होता. "इरा, पोहे खाणार?" "नो आजी, आयम फुल." अनघा म्हणाली, "आई, तिला कळतं सगळं, फक्त बोलत नाही." मी म्हटलं, माझ्या वर्गात निम्मी मुलं अशीच होती.

मी वसईच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलला माझी दहशत होती. डबीवर लेबल वाकडं लागलं तरी मी परत करायला लावायचे. जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर मी रोज सकाळी एक सुविचार टाकते. दुबईत पोचल्याचा फोटोही टाकला. तासाभरात नेल्सनचा फोन.

नेल्सन वीसएक वर्षांपूर्वीचा माझा विद्यार्थी. गासगावचा, कॅथलिक, वडील केळी पिकवायचे. हुशार नव्हता, पण हात असा स्वच्छ की त्याने काढलेला झुरळाचा जबडा मी पुढच्या बॅचना दाखवायचे. तो बारा वर्षं इथे आहे हे मला माहीत होतं. काय करतो ते माहीत नव्हतं.

"मॅडम, दिब्बाला येता का एकदा? एक दिवस काढा फक्त." आवाज उतरलेला होता. "कोरलचं काम आहे माझ्याकडे. सगळं मरतंय, आणि का मरतंय ते कळत नाही. सोमवारी मीटिंग आहे. कारण सांगता आलं नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि मग मी पण खलास. व्हिसा त्याच्यावरच आहे ना. मुलगी दहावीत आहे, मॅडम."

मी निवृत्त बाई, समुद्रात शेवटची उतरले ती कॉलेजच्या लक्षद्वीपच्या सहलीत. पण इतक्या वर्षांनी कोणी 'मॅडम, येऊन बघा' म्हटलं, आणि मी फुगले. खोटं कशाला बोलू?

दिब्बा

शनिवारी पहाटे नेल्सन कंपनीची पिकअप घेऊन आला. डोक्यावरचे केस गेलेले, दाढी पांढरी, पण मला बघून वर्गात घालायचा तशीच मान खाली घातली. दिब्बा डोंगरांपलीकडच्या किनाऱ्यावर, त्यामुळे वाटेत डोंगर लागले. आमच्याकडे भर मे महिन्यातही डोंगर असा उघडा पडत नाही, कुठेतरी करवंदाची जाळी असतेच. इथे नुसता तपकिरी दगड, मैलोनमैल. एका टपरीसमोर नेल्सनने गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला.

"हे काय? उतरून जाऊन घे ना."

"इथे असंच असतं मॅडम. हॉर्न दिला की ते गाडीत आणून देतात."

मला ओशाळल्यासारखं झालं. कोणाला हॉर्न मारून चहा मागवायचा म्हणजे काय? पण चहा आला तो फक्कड होता, दाट, वेलचीचा, कडक. दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, असं मी मोठ्याने म्हटलं आणि नेल्सन पहिल्यांदा हसला. "सगळे नवीन लोक असंच करतात मॅडम. मी पण दोन वर्षं करायचो."

चहा पितापिता त्याने काम समजावून सांगितलं. तिथलं एक छोटं बंदर वाढवायचं होतं. त्या जागी खडकांवर प्रवाळ होतं. ते बांधकामात गाडलं जाण्यापेक्षा आधी उचलून आणायचं, शेडमधल्या टाक्यांत चार दिवस ठेवायचं, मग जरा लांबच्या शांत पाण्यात लोखंडी चौकटींवर बांधायचं. बारा चौकटी. वसंतात लावल्या तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले, केक कापला. उन्हाळा झाला, पाणी तापलं, बंदराच्या खोदकामाचा गाळ पसरला, आणि सप्टेंबरपर्यंत चौकटीमागून चौकट मरत गेली.

"एक सोडून," तो म्हणाला. "सात नंबर. सगळं सेम, मॅडम. तेच पाणी, तोच गाळ. ती जिवंत कशी?"

बंदरावर पत्र्याची शेड होती. होडी चालवायला आणि टाक्या सांभाळायला कोया नावाचा कोळिकोडचा माणूस, पन्नाशीचा, लुंगी गुडघ्यावर बांधलेली. त्याने मला हात देऊन होडीत घेतलं, तेवढ्यात माझी डावी चप्पल पाण्यात पडली आणि त्याने ती गळाच्या काठीने अशी सहज वर काढली की हे त्याचं रोजचंच काम असावं. "मॅडम, इधर बैठो. बीच में," एवढंच म्हणाला. ओल्या चपलेचं पच्च पच्च दिवसभर चाललं होतं.

माझ्याकडे त्यांनी तळाला काच बसवलेली एक लाकडी पेटी दिली. ती पाण्यावर टेकवून आत डोकं घालायचं, की खालचं स्वच्छ दिसतं. मी डोकं घातलं. खाली चौकट, आणि चौकटीवर फुलकोबीएवढे गड्डे, एकाआड एक, ओळीत बांधलेले. नेल्सनचं काम ते, ओळ कुठे वाकडी नाही. पण सगळे मेलेले. काही पांढरे, बाकीच्यांवर शेवाळ आणि राखाडी गाळ, फांद्यांच्या बेचक्यांत गच्च भरलेला. एकावर काटेरी तारामासा पसरून बसला होता, जेवणाच्या ताटावर बसावा तसा. हा तारामासा प्रवाळावर पोट उलटं काढून बसतो आणि मांस विरघळवून खातो. मी वर्गात हे रंगवून सांगायचे, मुली ई करायच्या. इथे मी पेटीतून डोकं काढलं आणि कोयाला होडी पुढे घ्यायला सांगितलं.

पहिली चौकट, दुसरी, तिसरी. कोया होडी पुढे नेत होता, हळूहळू. दिवंगताच्या घरी भेटायला जाताना चालतात तसं.

सात नंबरवर मात्र रंग होता. टोकं फिकी पडलेली, पण आत तपकिरी गुलाबी, जिवंत. गाळ नाही. मी पेटीतून डोकं काढलं आणि म्हटलं, "नेल्सन, यातला एक गड्डा वर आण. आणि एक मेलेला."

शेड

दोन बादल्या समोर ठेवल्या. मी चष्मा पुसला, बॅटरी घेतली, आणि जिवंत गड्ड्यात उजेड टाकला. फांद्यांच्या खोल बेचक्यात काहीतरी हललं. अंगठ्याच्या नखाएवढा खेकडा, फिकट केशरी. त्याच्या पलीकडे दुसरा. जोडी. मी करंगळी आत सारली. दोघंही मागे सरले नाहीत, उलट पुढे आले, आणि एकाने नांगी उघडून मला असा चिमटा काढला की मी हात झटकला.

"अगं बाई," मी म्हटलं, आणि मला हसू आलं. त्या दिवसातलं शेवटचं.

नेल्सन वाकून बघत होता. "चिंबोरी आहे, मॅडम."

"साधी चिंबोरी नाही ही. पहारेकरी आहेत हे. नवरा-बायको. जन्मभर एकाच प्रवाळात राहतात. प्रवाळ अंगातून चिकट, स्निग्ध द्रव सोडतं, तो ह्यांचं जेवण. त्या बदल्यात फांद्यांत गाळ पडला की हे झाडून काढतात. तारामासा चढायला लागला की त्याच्या पायांना चिमटे काढतात, ढकलतात, इतकं हैराण करतात की तो दुसरीकडे जातो. एवढेसे जीव, पण घर सोडून पळत नाहीत." मी मेलेल्या गड्ड्यात बॅटरी मारली. रिकामा. "यांचे कुठे गेले?"

"ते काढून टाकतो ना आपण," नेल्सन म्हणाला.

"काढून टाकतो म्हणजे?"

त्याने मला शेडच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक निळा टब होता, गोड्या पाण्याचा. लावायच्या आधी प्रत्येक गड्डा त्यात बुचकळायचा, हलकेच झटकायचा, आतले सगळे किडे-खेकडे बाहेर पडतात, आणि मग स्वच्छ गड्डा चौकटीवर. ही पद्धत त्याने स्वतः सुचवली होती. ऑफिसला फार आवडली. भिंतीवर त्याचा फोटो होता, हातात टपटपणारं प्रवाळ, शेजारी सुटातला साहेब. टबातलं पाणी सोडायच्या तोंडाला जाळी होती. जाळीत खाली काहीतरी साचून वाळलं होतं. मी चिमटीत घेऊन बघितलं. नांग्या. डाळीएवढ्या, तांदळाएवढ्या, शेकड्यांनी.

माझा तोल गेला. एकतीस वर्षं मुलांना झापलेलं तोंड आहे हे. "अरे, वॉचमनला पाण्यात बुडवून मारलंस, आणि मग विचारतोस चोरी कशी झाली? जिवंत प्रवाळ आहे ते, म्युझियममधली डबी नाही. कुठल्या दीडशहाण्याने शिकवलं तुला हे?"

नेल्सन माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, कोयाकडे बघितलं, आणि मिटलं.

कोयाच बोलला, खाली बघत; नेल्सनबरोबर राहून त्याला मराठी कळत होतं. "सात नंबर मैंने लगाया था मॅडम. साब छुट्टी में वसई गया था, ईस्टर को. मीठे पानी का मोटर खराब था. मैंने बिना धोए लगा दिया. साब को बोला नहीं, डर से."

नेल्सनने मान हलवली. रागावला नाही. जाळी उचलली, कोपऱ्यातल्या पिंपावर झटकली, आणि नळाखाली धुऊन ठेवली. ह्या परिस्थितीतही धुऊन ठेवली.

उन्हाने, गाळाने अर्धं प्रवाळ तसंही मेलं असतं, असं मी परतताना गाडीत त्याला म्हटलं. समजूत घालायला म्हटलं, पण ते खरंही आहे. तो म्हणाला, "हो मॅडम." डोंगरांवर ऊन कलत होतं. हॉर्न मारून चहा मागवावासा दोघांनाही वाटला नाही.

अजमान

रविवारी दुपारी नेल्सनच्या घरी जेवायला बोलावणं होतं. आठवडाभर तो दिब्बाला कंपनीच्या खोलीत राहतो, कुटुंब दुबईजवळच्या अजमानला, कारण तिथे भाडं परवडतं. दोन खोल्यांचा फ्लॅट, दारात येशूची तसबीर, बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी. बायको ब्लांच हॉटेलात रिसेप्शनवर असते. तिने सुट्टी काढून मैद्याचे तळलेले गोल फुगे केले होते, वसईत कॅथलिकांच्या लग्नात करतात तसे, आणि गावाहून आलेल्या मसाल्याचं मटण. मुलगी रिया आली, पाया पडली, "हाय मॅडम, डॅडा टॉक्स अबाउट यू ऑल द टाइम" म्हणाली आणि पुस्तकात डोकं घालून बसली.

नेल्सनने घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. ब्लांच सारखी म्हणत होती, "तुम्ही आलात म्हणून कारण तरी कळलं मॅडम. आता उद्या सगळं नीट होईल, इन्शाल्ला." इथे राहून राहून कॅथलिक बाईच्या तोंडीही इन्शाल्ला बसलेलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला त्याची गंमत वाटली असती.

जेवण संपत आलं तसा नेल्सन खाली दही आणायला गेला आणि ब्लांचने कौतुकाने त्याची सर्टिफिकेटांची फाइल काढली. "बघा ना, तुमची आठवण पण जपून ठेवलीय ह्याने." पासपोर्टच्या झेरॉक्सखाली, कॉलेजचं प्रॅक्टिकल जर्नल. खाकी कव्हर, कोपरे टेप लावून सांधलेले. तिने ते एका पानावर उघडलं, कारण ते आपोआप तिथेच उघडत होतं.

लक्षद्वीपहून आणलेल्या प्रवाळाची आकृती. पेन्सिलचं काम, छाया अशी घातलेली की पान उचलून बघावं. खाली इंग्रजीत, तोडक्यामोडक्या व्याकरणात, वळणदार अक्षरांत कृती. नमुना गोड्या पाण्यात बुचकळावा. हलकेच झटकावा. आत राहणारे खेकडे हे नुसते भाडेकरू, त्यांचा प्रवाळाला उपयोग नाही, ते काढून टाकावेत. आणि त्याच्याखाली लाल शाईत माझं अक्षर: दहापैकी दहा. 'शाब्बास. नेहमी असंच स्वच्छ काम कर.' सही.

कृती मीच फळ्यावर लिहून दिली होती. सुकवून कपाटात ठेवायच्या नमुन्यांसाठी होती ती, पण हे मी वर्गात सांगितलं होतं का? आठवत नाही. मी फार आठवून बघितलं. भाडेकरू हा शब्द मात्र माझाच, तो मला आठवला.

दार वाजलं. नेल्सन दह्याची पिशवी घेऊन उभा. टेबलावर उघडलेलं जर्नल त्याने बघितलं.

"तुला काल शेडमध्येच आठवलं होतं," मी म्हटलं.

"हो मॅडम."

"मग बोलला का नाहीस? मी एवढी तोंडाला येईल ते बोलले."

"कोयासमोर?" तो म्हणाला. त्याला वाटलं एवढ्याने मला कळेल, आणि मला कळलं.

मग मला त्याला उरलेलं सांगावं लागलं. हे खेकडे पहारा करतात हे मी त्याच्या बॅचनंतर चार-पाच वर्षांनी वाचलं. वाचल्यावर माझ्या नोट्स बदलल्या, भाडेकरू खोडलं. पुढच्या मुलांना नीट शिकवलं. जे शिकून गेले होते त्यांचा विचार माझ्या मनात आला नाही. मुलं पास झाली, गेली, आपलं काम संपलं.

नेल्सनने पिशवीतून दह्याचा डबा काढून ब्लांचच्या हातात दिला. "ग्रुपवर टाकायचं ना, मॅडम," एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता. ज्या ग्रुपवर मी रोज सकाळी न चुकता कमळाचं फूल आणि सुविचार टाकते, तोच हा ग्रुप. माझा चेहरा तापला. ब्लांचला आता कुठे काहीतरी कळत होतं, ती एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती, डबा हातात धरून.

"उद्या माझं नाव सांग," मी म्हटलं. "मी लिहून देते. शिकवणारीने चुकीचं शिकवलं म्हणून. सही करून देते."

"बघू," तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "मॅडमना दही वाढ."

पुन्हा करामा

सोमवारी मी दिवसभर फोनकडे बघत होते. अनघा म्हणाली, "आई, चल मॉलमध्ये जाऊ, फार विचार करतेस तू." मी गेले नाही. इराच्या गृहपाठाला बसले आणि तिच्यावर विनाकारण ओरडले. मग तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी पाचला नेल्सन स्वतःच आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. चहा नको म्हणाला, मग अर्धा कप घेतला.

"काय झालं?"

"झालं चांगलंच. प्रोजेक्ट चालू राहणार. कारण मिळालं म्हणून साहेब खूश होते. पुढच्या बॅचला धुवायचं नाही, चिंबोऱ्यांसकट उचलायचं असं ठरलं. सात नंबरवरून सुरुवात करणार. कोयाला ठेवलंय, त्याचा पगारही वाढवतील बहुतेक. चांगला माणूस आहे तो."

"आणि तू?"

"पद्धत माझी होती ना मॅडम. फोटो पण माझाच आहे भिंतीवर. डिसेंबरपर्यंत आहे मी. मग बघू. रियाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला आहे, तोपर्यंत ब्लांचच्या व्हिसावर थांबता येतं का ते विचारतोय."

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही."

"अरे, पण का? पत्र तयार आहे माझं, हे बघ."

"तुमचं नाव सांगून काय होणार मॅडम? ते तुम्हाला थोडेच काढणार होते." तो किंचित हसला. "आणि तुम्ही गोड्या पाण्यात बुडवायला सांगितलं होतं ते मेलेल्या नमुन्याला. जिवंतला मी बुडवलं. वीस वर्षांत मी एकदा तरी विचारायला हवं होतं, हे कशासाठी करतोय म्हणून. स्वच्छ दिसायचं, म्हणून करायचो."

अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी फाइलीकडे हात केला आणि जर्नल मागितलं. त्याने दिलं. ते त्या पानावर उघडलं. लाल शाई इतक्या वर्षांत थोडी तपकिरी पडली होती. इराच्या कंपासपेटीत लाल पेन होतं, ते मी घेतलं. माझ्या सहीखाली जागा होती. 'चूक' असं लिहून खाली पुन्हा सही करायची, एवढंच माझ्या मनात होतं. दुसरं काही त्याला द्यायला माझ्याजवळ नव्हतं.

पेन टेकवणार तेवढ्यात नेल्सनने पानावर हात ठेवला. तळहात पूर्ण उघडा, माझ्या सहीवर. नखांत अजून दिब्बाचा गाळ होता.

"नको मॅडम," तो म्हणाला. "मला आयुष्यात पैकीच्या पैकी ह्या एकाच पानाला मिळालेत."

मी पेनाला टोपण लावलं आणि इराच्या कंपासपेटीत परत ठेवलं.